पाठीमागची मूठ

सुमन, फोन ठेवू नकोस, जरा ऐक. तुझ्या गार्गीला शिकायला माझ्याकडे ठेवलंस आणि आता म्हणतेस, "तिचा मल्लखांब बंद कर." एकदा तरी मैदानावर आलीस का गं?

काल तिच्यापेक्षा लहान मिठू दोरीवर उलटी लटकली आणि वरच थिजली. "अगं, पडेल ती!" म्हणून ओरडणार, तोच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमची भीती तिला ऐकू जाईल." त्या स्वतः हात पसरून दोरीखाली उभ्या राहिल्या, पण बोलायला पुढे केलं आपल्या गार्गीला.

"मिठू, माझ्याकडे बघ. दोरी पायाच्या अंगठ्यात घट्ट धर. आता दोन्ही हात वर घेऊन दोरी पकड."

आवाज कसा ठाम! पाठीमागे मात्र तिची मूठ थरथरत होती. ती मला एकटीला दिसली.

मिठू उतरली. मला मात्र तूच आठवलीस. लहानपणी तुला मी किती वेळा "पडशील" म्हटलं असेल, नाही? अंगणातल्या चिंचेवरसुद्धा तू कधी चढली नाहीस. भीती माझी होती गं, भोगलीस तू.

रविवारी गार्गी वर चढणार आहे. मला एकटीला बघवणार नाही. लवकर ये. एकमेकींचा हात धरून दोघी गप्प बसू.