ट्रंकेत नसलेली पांढरी साडी

आई गेली त्या सकाळी ती लसूण सोलत होती. आजारी नव्हती, अंथरुणाला खिळलेली नव्हती, काही नाही. वहिनीनं आतून विचारलं, "आई, चहा टाकू का?" उत्तर आलं नाही म्हणून ती बाहेर येऊन बघते तर आई भिंतीला टेकून बसलेली आणि मांडीवरच्या सुपात अर्धा सोललेला लसूण. भावानं मला नाशिकरोडला फोन केला तेव्हा मी त्यालाच झापलं. "काहीतरीच काय बोलतोस! काल संध्याकाळी अर्धा तास बोललीय ती माझ्याशी!"

जणू माझ्याशी बोलल्यावर माणसाला मरायची परवानगी नव्हती.

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या चर्चला माहीत आहे. आई माझ्या अगदी उलट. एका दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात ती आयुष्यभर आया होती. बाबा लवकर गेले, आम्हा दोघा भावंडांना तिनं त्या पगारावर वाढवलं. वॉर्डात बायकांच्या किंकाळ्या ऐकून ऐकून तिला ओरडण्याचं काही वाटेनासं झालं असावं. मी कितीही तणतणले तरी ती हातातलं काम करत राहायची आणि शेवटी म्हणायची, "झालं ओरडून? आता जेव." असा राग यायचा मला! पण जेवायचे.

तिनं आमच्याकडे स्वतःसाठी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. आईनं तिच्या लग्नातली साडी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली होती. दरवर्षी नाताळच्या आधी, करंज्यांच्या गडबडीत, ती साडी उन्हात टाकायची आणि आम्हाला हाक मारायची. "बघून ठेवा गं. मी गेले की हीच नेसवायची मला. दुसरी चालणार नाही." आम्ही हसायचो. माझी लेक लहानपणी त्या साडीखाली शिरून तंबू करायची. आजी तिला रागवायची नाही, फक्त म्हणायची, "हात धुतलेस का?"

गेले दोन नाताळ आईनं साडी उन्हात टाकली नव्हती. माझ्या ते लक्षातही आलं नाही. कारण गेली दोन वर्षं मी माझ्याच रागात होते.

माझी लेक निफाडकडे शाळेत शिकवते. तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा बौद्ध. शिकलेला, सरळ, निर्व्यसनी. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी जास्तच चिडले. मी तिचं लग्न चर्चमध्ये लावायचं स्वप्न बघत होते, अगदी केक कुठून आणायचा इथपर्यंत. "कोर्टात लग्न करणार असशील तर तुझी आई मेली असं समज," असं मी माझ्या तोंडानं बोलले. ती रडत निघून गेली. मी भाच्याकडून तिचा नंबर ब्लॉक करून घेतला. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "मुलगा चांगला आहे ना? मग?" मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस." ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं तिला.

तर त्या सकाळी आईला आंघोळ घातली. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, दफन चारला ठरलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, "साडी आणा." मी ट्रंक उघडली. अभ्रा होता. डांबरगोळ्या होत्या. साडी नव्हती.

मी ट्रंक जमिनीवर उलटी केली. जुने स्वेटर, बाबांचा चष्मा, आमची बाप्तिस्म्याची झबली, सगळं बाहेर पडलं. साडी नव्हतीच. तिची एकच इच्छा, आणि ती बाहेरच्या खोलीत चादरीखाली नुसती पडून! मग माझा तोल गेला. खोलीभर बायका असताना मी वहिनीवर ओरडले. "तुमच्या ताब्यात घर होतं ना? कुणाला दिलीत? भांडीवालीला दिलीत की बोहारणीला? एक साडी सांभाळता आली नाही?"

वहिनी शांतपणे स्वेटरच्या घड्या घालत होती. मी धाप लागून थांबले तेव्हा तिनं विचारलं, "झालं, ताई?"

ते वाक्य आईचं होतं.

"आईंनीच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "की ट्रंक तुम्हाला उघडू द्यायची. तुम्ही आधी माझ्यावर ओरडाल. ओरडून झालं की मग सांगायचं."

"काय सांगायचं?"

"साडी तुमच्या लेकीकडे आहे. लग्नात तीच नेसली होती ती. आई गेल्या होत्या लग्नाला."

अगं आई गं! माझी आई, जी दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलत नसे, ती "निफाडला जाऊन येते गं, तिकडच्या बायकांबरोबर प्रार्थना आहे" असं मला सांगून एसटीनं गेली होती. लग्नाचा दिवस मला ठाऊकच नव्हता, मीच तिला स्टँडवर सोडलं होतं! वर बजावलं होतं की उन्हाची फिरू नकोस. आणि ती तिथे माझ्या लेकीच्या साडीच्या निऱ्या काढत होती. खोटंही म्हणता येईना, कारण वहिनी म्हणाली की कोर्टातून आल्यावर नवरदेवाच्या घरच्या बायकांना भोवती घेऊन तिनं खरंच प्रार्थना केली होती.

"साडी मागवून घ्या मग," मी म्हटलं. "चार वाजता दफन आहे."

"मी नाही मागवू शकत. फोन तुम्हीच करायचा. दुसऱ्या कुणी केला तर द्यायची नाही, असं आईंनी पोरीला बजावलंय. तिला अजून कळवलंही नाही आम्ही."

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला आईचा भयंकर राग आला. मेलेल्या आईचा! ऊठ आणि बोल माझ्याशी, असं तिला गदागदा हलवून म्हणावंसं वाटलं. असं कोंडीत पकडतात का लेकीला?

भाच्यानं माझ्या फोनवरून तो नंबर मोकळा करून दिला. मी लावला. एकच रिंग झाली.

पलीकडून ती अगदी हळू म्हणाली, "मम्मी, आजी गेली का?"

मी काही सांगितलं नव्हतं. नावसुद्धा घेतलं नव्हतं. माझा फोन येईल तो फक्त याचसाठी, हे ती दोन वर्षं धरून बसली होती. माझ्या पोटच्या पोरीला माझा नंबर दिसला की आधी मरणच आठवावं?

"ये गं," एवढंच मला म्हणता आलं.

दीड तासात दोघं आली. जावई दारातच थांबला, चपला काढून. "जय भीम," म्हणाला आणि लगेच गोंधळून खाली बघायला लागला. आमच्यात भेटलं की सलाम म्हणतात; आई प्रत्येकाला करायची, पेपरवाल्या पोरालाही. मी म्हटलं, "सलाम. आत या."

साडी धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. गेलेल्या माणसाला साडी नेसवणं एकटीचं काम नाही. एकीनं अंग उचलून धरावं लागतं, दुसरीनं खालून पदर ओढून घ्यावा लागतो. आम्ही दोघीच आत राहिलो. मी आईला उचलून धरलं, लेकीनं निऱ्या काढल्या. आजीनंच शिकवल्या होत्या तिला, बारीक, एकसारख्या.

पदर नीट करता करता मी विचारलं, आणि विचारताना आवाज चढलाच माझा, "दोन वर्षांत एकदा तरी फोन करायचास. दर रविवारी उपासनेवरून आले की बघायचे मी, मिस्ड कॉल आलाय का. एकही नाही!"

तिचे हात थांबले.

"दर रविवारी करायचे मी, मम्मी. उपासना सुटायच्या वेळेला. ब्लॉक केल्यावर मिस्ड कॉल दिसत नाही गं."

मला हे माहीत नव्हतं. देवाशप्पथ सांगते, माहीत नव्हतं. मला वाटायचं बोलणं बंद होतं, पण मिस्ड कॉल तरी दिसत असणार. दर रविवारी रिकामा फोन बघून मी म्हणायचे, बघा, केवढी माजलीय कार्टी! आणि आईसमोर जाऊन तणतणायचे. आई ऐकून घ्यायची. म्हणायची, "झालं ओरडून? आता तू लाव की तिला."

मी कधीच लावला नाही. आईला मरावं लागलं त्यासाठी.