ओला ऑपरेटर

फौंड्रीच्या लॅबमध्ये कामाला लागून मला तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हाची गोष्ट. सोमवारच्या मीटिंगमध्ये आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी माझ्या रिपोर्टमधलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘बीइंग वेट, द ऑपरेटर रिजेक्टेड द कोअर.’ मग चष्मा काढून ते म्हणाले, “ऑपरेटर कशानं भिजलावता हो?”

सगळे हसले. ऑपरेटरही हसला, पण त्याला कशाला हसायचं ते कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं.

कोअर म्हणजे साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. त्याच्यामुळं ओतीव भागाच्या, म्हणजे कास्टिंगच्या, पोटात पोकळी राहते. तो ओला राहिला तर लोखंड ओतल्यावर वाफ होते आणि कास्टिंगला भोकं पडतात. मला म्हणायचं होतं, की कोअर ओला होता म्हणून ऑपरेटरनं तो बाजूला काढला. मी मुरगूडची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं बीएस्सी केमिस्ट्री. वाळूची ओल मोजण्यात माझा हात धरणारं त्या लॅबमध्ये कुणी नव्हतं. पण रिपोर्ट इंग्रजीत जायचे आणि पुण्याच्या कस्टमरकडून ‘नॉट क्लिअर’ असा शेरा घेऊन परत यायचे. त्या दिवशी डबाही न खाता मी मैत्रिणीला फोन लावला आणि राजारामपुरीतल्या एका बाईंचा पत्ता घेतला.

बाई शाळेतून रिटायर झालेल्या. खाली दिरांचं शिलाईचं दुकान, वर त्यांची खोली. दुपारनंतरची असरची नमाज आटपून साडेपाचला त्या शिकवायला बसत, आणि खालच्या मशिनीच्या आवाजावर आवाज चढवून बोलत. मी माझे जुने रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी एक अख्खा वाचला, मला वाटलं आता शिव्या बसणार.

“तुला इंग्रजी येत न्हाय असं न्हाय,” त्या म्हणाल्या. “तुला थांबायला येत न्हाय. कोअर ओला होता, स्वल्पविराम, गॅस झाला, स्वल्पविराम, भोकं पडली, स्वल्पविराम. एक वाक्य संपलं की टिंब दे. न्हायतर दोन वाक्यं जोडणारा शब्द तरी घाल.”

दुसऱ्या पानावर त्यांनी पेन्सिल टेकवली. तिथं मी नुसतं ‘बिकॉज द हीटर वॉज ऑफ’ एवढंच लिहून टिंब दिलं होतं.

“हितं उलटं केलंयस. कोण माझ्या दारात येऊन ‘पाऊस लागला म्हणून’ एवढंच म्हणालं आणि गप उभं राहिलं, तर मी काय समजायचं?”

ओल्या ऑपरेटरचा उलगडाही त्यांनीच केला. मराठीत ‘ओला असल्यामुळं’ म्हटलं की कोण ओला ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी ठेवलेलं वर्णन पुढं जे पहिलं नाव येईल त्यालाच लागतं. मी बसल्या जागी ते वाक्य सात प्रकारांनी लिहिलं. सातव्या वेळी कोअर ओला झाला आणि ऑपरेटर कोरडा राहिला.

चुका महिन्याभरात बऱ्याच कमी झाल्या. परिच्छेद मात्र जमेना. माझा परिच्छेद दोन ओळींत संपायचा. बाई म्हणायच्या, “पहिल्या वाक्यात काय सांगणार ते सांगितलंस, चांगलं झालं. पण कशावरनं? ते सांगितल्याबिगर पुढच्या परिच्छेदाला हात लावायचा न्हाय.” हे ‘कशावरनं’ माझ्या डोक्यात इतकं बसलं, की भावानं ‘म्हैस आजारी आहे’ म्हणून फोन केला तेव्हाही मी तेच विचारलं.

अशात पुण्याहून मेल आला. कास्टिंगला भोकं सापडलीत, आठवड्याचा सगळा माल परत पाठवतोय, संध्याकाळपर्यंत खुलासा द्या. साहेब लॅबमध्ये आले. “कोअर ओला होता, इथून पुढं काळजी घेऊ. दोन ओळींत उरक की.”

“साहेब, दोन ओळींत उरकतोय म्हणूनच आपले रिपोर्ट परत येतात,” मी म्हणाले. त्यांनी घड्याळात बघितलं. “चारपर्यंत दे.”

मी पहिलं वाक्य लिहिलं: भोकं ओल्या कोअरमुळं पडली. कशावरनं? मी उठले आणि कोअर सुकवायच्या भट्टीकडं गेले. तापमानाच्या चार्टवर मंगळवारी दुपारी रेघ खाली आलेली होती. तिथल्या ऑपरेटरला विचारलं.

“अवो मॅडम, मंगळवारी जेवल्यावर लाईट गेलती की. आली तवा हीटर चालू करायचा ऱ्हायला. पाळी बदलल्यावर ध्यानात आलं, पर तवर ते ओले कोअर दुसऱ्या पाळीला ओतायला गेलते.”

दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य होतं: बाकीच्या पाळ्यांचा माल चांगला आहे. कशावरनं? हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. गोडाऊनमध्ये राहिलेल्या मालातली प्रत्येक पाळीची कास्टिंगं मी कापायला लावली. भोकं मंगळवारच्या दुसऱ्या पाळीचा शिक्का असलेल्यांतच निघाली. बाकी सगळी आतून स्वच्छ. मी तिथंच लोखंडाच्या चुऱ्यात उभी राहून तो परिच्छेद वहीत पुरा केला. तिसऱ्यात लिहिलं, कुठला माल बाजूला काढायचा आणि तो कसा ओळखायचा. चौथ्यात, लाईट जाऊन आली की भट्टी कोण आणि कधी तपासणार. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचलं. टिंबं तपासली. चारला पाच मिनिटं कमी असताना रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एक शब्दही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर पुण्याचे इंजिनिअर आले. “सगळा माल परत पाठवत नाही,” ते म्हणाले. “मंगळवारची दुसरी पाळी तेवढी वेगळी काढतो. रिपोर्ट कुणी लिहिलाय?”

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. “ह्यांनी.”

“काही विचारायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही,” इंजिनिअर मला म्हणाले.

मी ‘थँक यू सर’ म्हणाले. कॉल संपल्यावर मी लॅबमध्ये जाऊन दार लावलं आणि वाळूच्या चाळणीपुढं एकटीच मोकळेपणानं हसून घेतलं.

संध्याकाळी बाईंना रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी खालची मशीन बंद करायला लावली. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “आता माझ्याकडं यायचं काय काम न्हाय तुझं.” तरी पुढचे सहा महिने मी जात राहिले, कारण तोवर मला लिहायची गोडी लागली होती.

रिपोर्ट साहेबांच्या नावानं जायचे. त्या कॉलनंतरच्या महिन्यात मी त्यांना सरळ विचारलं, “लिहिणाऱ्याचंही नाव खाली टाकूया का?” ते म्हणाले, “टाक की. अडवलंय कुणी?” मी जागेवर आले, फॉर्मच्या तळाशी एक ओळ वाढवली, तिच्यात माझं पूर्ण नाव लिहिलं आणि जेवणाची घंटा व्हायच्या आत रिपोर्ट पुण्याला पाठवून दिला.