शालूला बघायला आलेली जीप

सगळ्यांत आधी उतरली ती मुलाची आत्या, आणि उतरल्या उतरल्या तिने आमच्या चिखलाला नावं ठेवली. बायांनो, आज नंदाखालला आमच्या नातीला, शालूला, बघायला मंडळी जीपमधून आली! लष्कराच्या लिलावातली जीप, चालवत होता मुलगाच. पुढची चाकंही ओढायला लागावीत म्हणून तिला एक वेगळा दांडा असतो. केळीच्या वाडीतल्या ओलीतून येताना त्याने तो टाकला होता.

चहा-पोहे झाले, शालू सगळ्यांना आवडली. निघताना मात्र कडक अंगणात दांडा परत येईना, नि तो तसाच ठेवून पक्क्या रस्त्यावर हाकली तर गाडी मोडते म्हणे. मुलगा म्हणाला, "आत्या, गाडी दोन हात मागे घेतली की सुटेल."

"मुलगी बघून निघालो नि मागे जायचं? अपशकुन!" आत्याबाई कडाडल्या.

मग सगळ्यांनी ओढलं, लाथा घातल्या. दांडा ढिम्म. शेवटी त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या, "पोरीचा पायगुणच असा." खरं कारण ठाऊक असलेला तो मुलगा खाली मान घालून आमच्याच बैलगाडीत बसला!

बैलगाडी वळणाआड गेल्यावर मी नि सुनांनी जीप मागे ढकलली. शालूने एका हाताने दांडा काढला नि खुदकन हसली. मला तर बाई इतका आनंद झाला! असल्या मुक्याच्या घरी जाणार होती पोर, वाचली!

तुम्ही असतात तर त्यांना पुन्हा चहा दिला असतात का गं? गुरुवारी येतो म्हणालेत, जीप न्यायला. पोरीबद्दल अक्षर नाही.