मिरच्यांचा ठसका आला नाही

जवळ ये गं सुमन. आत्याचा फोन उचलायचा नाही, मग तिनं काय पेपरात लिहून हाक मारायची? बस, आणि शेवटपर्यंत वाच.

तुझा बाप, माझा धाकटा भाऊ विष्णू, त्या दुपारी खुलताबादहून माझ्याकडं पडेगावला येत होता. उतारावर टेम्पोनं मागून धडक दिली, गाडी झाडावर गेली. तरी पठ्ठ्या तीच गाडी चालवत दारात हजर! "अक्का, पत्रा चेपला, माणूस शाबूत." गल्ली गोळा झाली. कुणी बोनेट दाबून बघितलं, कुणी विम्यासाठी फोटो काढले... गाडी सगळ्यांनी तपासली गं. माणूस कुणीच नाही.

शेजारच्या शकीलाबी तेवढ्या म्हणाल्या, "आपा, पहले दवाखाने लेको जाव." विष्णू हसला, "भाभी, चालत आलो ना मी!" पोटाशी पट्टा आवळल्यावानी वाटतंय, असं मात्र म्हणाला. "भेदरलास तू," म्हणत मी मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. एवढ्या मिरच्या जळल्या, पण कुणालाच ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट लई मोठी होती, ती जळाली, असं आपण धरतो. मला केवढं हायसं वाटलं! गोड चहा दिला, वाकळ टाकली, "पड जरा" म्हटलं. तो निमूट पडला. माझं सगळं ऐकायचा तो...

आम्ही मेंढरांमागं वाढलेली माणसं. दरडीवरून घसरलेलं मेंढरू उठून चालायला लागलं, तरी विष्णू त्याला कळपात सोडत नसे. आधी पोट दाबून बघायचा, मग हिरड्या पांढऱ्या पडल्यात का ते. मी शेजारी बसून शंभरदा बघितलंय. आणि त्या दुपारी मला आठवल्या मिरच्या.

दिवेलागणीला उठवायला गेले, तर ओठ पांढरे. दवाखान्याच्या दारातच गेला. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्त साचलं होतं, दुपारीच आणलं असतं तर... पुढचं मी ऐकलं नाही.

तेराव्याला तू म्हणालीस, "आत्या, बाबा तुझ्याच दारात आले होते ना?" आणि गेलीस. खरं बोललीस, बाई. म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, धडक बसलेला माणूस हसत उभा असला तरी आधी दवाखान्यात न्या. दृष्ट मागाहून काढा.

तो तवा अजून तसाच काळा, भिंतीला टेकवलेला आहे. मला घासवत नाही. भाकरी शकीलाबींच्या तव्यावर होतात. तू ये. हवं तेवढं बोल मला, पण समोर बसून बोल. लवकर ये गं.