पायाखालचं पेडल

कळस गावचे झुंबरतात्या चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. निवांत बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फक्त वेल्डिंगला बसले की माणूस बदलायचा, मग बाजूला काय चाललंय याचं भान नसायचं.

बारामती एमआयडीसीत मोहनरावांच्या शेडमध्ये दुधाच्या टाक्या तयार होत. त्यांचं आर्गन गॅसचं वेल्डिंग तात्यांकडं. हातात वेल्डिंगची टॉर्च, पायाखाली पेडल. पेडल दाबावं तसा करंट वाढतो. पातळ स्टीलवर पाय जरा जड पडला की भोक पडलंच म्हणायचं. तात्यांचा पाय कधी जड पडला नव्हता. उन्हाळ्यापासून मात्र टाक्यांच्या पातळ पाइपाच्या जोडांना भोकं पडायला लागली.

"पेडल झिजलंय. मधनंच उसळी मारतंय," तात्या सगळ्यांना सांगायचे. पेडल खोललं, पुसलं, स्प्रिंग बदलली. भोकं पडतच राहिली. शेवटी मोहनरावांनी पुण्याहून भारीतलं नवं पेडल आणलं. लोण्यासारखं दबायचं. पहिला जोड नीट बसला, दुसऱ्याला भोक पडलं. तात्यांनी हेल्मेट वर केलं आणि कुणाकडं न बघता पाणी प्यायला गेले.

त्या संध्याकाळी घरी त्यांना चैन पडेना. गोठ्यात जाऊन यायचे, फाटकापर्यंत जाऊन यायचे.

"अवं, बसा की एका जागी," त्यांची बायको प्रयागबाई म्हणाली. "काय झालंय?"

"नवं पेडल बी उसळतंय. मशिनीतच कायतरी हाय."

पाय धुऊन ते आत आले तर फरशीवर त्यांच्या उजव्या पावलाचे लालसर ठसे उमटले. प्रयागबाईनं त्यांना उंबऱ्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. टाचेजवळ स्टीलची कपची रुतलेली होती. तिनं चिमट्यानं ती ओढून काढली. तात्या फाटकाकडंच बघत होते.

"निघंल का गं?" त्यांनी विचारलं.

कपची तिच्या तळहातावर होती. तिनं ती उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाली, "डोळं मिटा. सांगा, कुठलं बोट धरलंय?"

"आधी धर तरी."

तिनं त्यांच्या पायाचा अंगठा केव्हाचा दाबून धरला होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली होती, बहुधा बऱ्याच वर्षांपासून. पावलांच्या नसा कमजोर झाल्यात, ते म्हणाले. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, आहे ती सांभाळा, अनवाणी फिरू नका.

तात्यांना आजारापेक्षा दुसरंच खात होतं. एवढे दिवस सगळ्यांसमोर पेडलला बोल लावला होता. शेडमध्ये गेले तरी मशिनीकडं फिरकेनात. कुठं पत्रा उचलू लाग, कुठं गॅसची नळी गुंडाळ. शेवटी मोहनरावांसमोर जाऊन उभे राहिले.

"मालक, पेडल चांगलं हाय. माझ्या पायालाच कळंना झालंय."

मोहनराव त्यांच्या बुटाकडं बघत राहिले. "मग आता कसं करायचं, तात्या?"

"गुडघ्याला अजून कळतंय. जुनं पेडल द्या, तितं बसवून बघतो."

टेबलाच्या पायाला लोखंडी अँगल जोडून त्यांनी पेडल गुडघ्याच्या बाजूला उभं बसवलं. आत जाड स्प्रिंग घातली, म्हणजे दाबताना मांडीला जोर कळावा. पहिल्या दिवशी भोकंच भोकं पडली. बिरदेव नावाचा दुसरा वेल्डर हसला, मग आपल्या कामाला लागला. पायाला जे न सांगता यायचं ते गुडघ्याला एकेक करून शिकवावं लागत होतं, आणि तात्यांना तेवढा धीर कुठला! चिडून उठायचे, शेडला फेरी मारून पुन्हा बसायचे.

पाइपाचे जोड आता बिरदेव मारतो. तात्या टाक्यांच्या जाड पत्र्यांचं काम करतात, ते गुडघ्यानं जमतं. जेवणाच्या सुट्टीत भंगारातले पातळ तुकडे सरावाला घेऊन बसतात. परवा मोहनरावांनी जाता जाता विचारलं, "जमतंय का?"

"निम्मं जमतंय," तात्या म्हणाले आणि पुढचा तुकडा टेबलावर लावला.