वायफाय हुंगणारी ताई

आमच्या पेणच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्से जास्त. काम साधंच. लोकांच्या परवानगीने त्यांचं वायफाय तपासायचं आणि कुठून कोण घुसू शकेल ते सांगायचं. पण वैशालीताईंबरोबर फिरलं की संध्याकाळपर्यंत एक तरी किस्सा पदरात पडतोच. ऑफिस ताईंचं, नोकरीला मी एकटीच. त्या महिन्यात सगळा जीव रोह्याच्या एका केमिकल कंपनीत अडकला होता. आधी तपासून दाखवायचं, पटलं तर वर्षाचं काम. नाहीतर ऑफिस बंद. ताई पनवेलला नोकरी धरणार आणि मी माझ्या गावी, जित्याला घरी.

* * *

माझा पहिला दिवस. पेणच्या बाजारात उभं राहून आसपासच्या नेटवर्कांची नावं वाचत होते. शर्मा होम, साई कृपा, दुसरा मजला... आणि अचानक स्क्रीनवर आलं, ‘मागे बघ’.

मी किंचाळून लॅपटॉपच सोडला. ताईंनी तो वरच्या वर झेलला.

‘‘अगो, नाव हाय ते कुणाच्या तरी वायफायचं!’’

मी तरीही मागे बघितलंच.

* * *

एका पापडवाल्या काकूंच्या वायफायला पासवर्डच नव्हता. कुणीही जोडावं आणि दुकानाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचावं. मी घाबरून हॅकर, व्हायरस असं बरंच बोलून गेले. काकू शांत. म्हणाल्या, दारात आलेल्याला आपण पाणी विचारतो, मग इंटरनेटला नाय कसं म्हणायचं?

ताई म्हणाल्या, ‘‘पाणी द्या की. पण त्याला स्वयंपाकघरात कशाला नेता?’’

काकूंना एका वाक्यात पटलं. दुकानाच्या वायफायला कुलूप लागलं, गिऱ्हाइकांसाठी वेगळं नेटवर्क निघालं. त्याचं नाव काकूंनीच ठेवलं, ‘पाणी’.

* * *

मग रोहा. वायफाय कंपनीच्या भिंतीबाहेर किती लांब जातं ते बघायला आम्ही कंपाउंडच्या कडेने चालत होतो. ताईंच्या हातात अँटेना, माझ्या हातात लॅपटॉप. गेटवरचा वॉचमन धावत आला. मी परवानगीचं पत्र शोधायला लागले, तर पर्स उघडेना.

‘‘मॅडम, कुठल्या चॅनेलच्या तुम्ही?’’ त्याने विचारलं.

ताईंचं लक्ष स्क्रीनवर. वायफायलाही चॅनेल असतात, कंपनीचं सहा नंबरवर होतं. ‘‘सहा नंबर,’’ ताई म्हणाल्या.

वॉचमनने टोपी सरळ केली, मिशीवरून हात फिरवला आणि अँटेनाकडे बघून हसत उभा राहिला.

* * *

आत गेल्यावर एक अनोळखी नेटवर्क दिसायला लागलं. जिकडे सिग्नल वाढेल तिकडे ताई वळायच्या. पोचलो थेट कॅन्टीनमध्ये. पिठाच्या डब्यामागे राऊटर! कंपनीच्या केबलला जोडलेला. कॅन्टीनच्या मावशी रडकुंडीला आल्या. रेंज नाय, लेकीचा व्हिडिओ कॉल लागत नाय, म्हणून भाच्याने लावून दिलेला.

आता मावशींची नोकरी जाणार, असं मला वाटलं. ताईंनी राऊटर काढला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘कॅन्टीनला रेंज नसल्याने जोडलेला राऊटर काढला. तिथे वेगळं नेटवर्क द्यावं.’ नाव कुणाचंच नाही. ताईंपुढे मनातल्या मनात हात जोडले ते त्या दिवशी.

* * *

शेवटची मीटिंग. सगळा स्टाफ जमलेला. आयटीचे साहेब मूळ पेणचे, घरचा मूर्तींचा कारखाना. ऑफिसच्या वायफायला त्यांनी नाव दिलं होतं ‘गणपतीबाप्पा’. म्हणाले, कॅन्टीनचं ठीक आहे, पण या नेटवर्कचा पासवर्ड मी स्वतः ठेवलाय. तो कुणाच्या बापाला सापडायचा नाही.

कंपनीच्या मॅनेजरांनी ताईंना सांगितलं, इथेच काढून दाखवा, नाहीतर राहू दे. वर्षाचं काम गेलं म्हणून मी बॅग आवरायलाही घेतली.

ताईंनी लॅपटॉप मिटला. उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘गणपती बाप्पा...’’

‘‘मोरया!’’ मॅनेजर, क्लार्क, चहा घेऊन आलेल्या मावशी, मी, सगळे एकदम.

आयटीचे साहेब मात्र ओठ घट्ट मिटून बसले होते.

‘‘साहेब,’’ ताई म्हणाल्या, ‘‘पेणचे ना तुम्ही? तुमचा आवाज नाय आला.’’

मॅनेजरांनी साहेबांकडे बघितलं.

‘‘मॅडम, तुम्ही सोमवारपासून या,’’ ते म्हणाले. ‘‘आणि साहेब, तुम्ही तो पासवर्ड आत्ताच बदला.’’