आई खरं बोलली ती संध्याकाळ

दर हिवाळ्यात आईवडिलांच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण आलं की मला धास्ती वाटायची. मी पुण्याहून घोडेगावला यायचे, पिंपळवंडीचा एजंट मोटारसायकलवर यायचा. दोन हजारनंतरची वर्षं ती. दोघांनी साठी ओलांडलेली, आणि कंपनी कधी नको म्हणेल याचा नेम नव्हता.

त्या वर्षी मला विम्याची रक्कम वाढवायची होती. एजंटनं फोनवरच बजावलं, "ताई, वाढवायचा असेल तर नवीन दुखणं लपवू नका. नंतर दावा फेटाळतात." आईला अधूनमधून चक्कर यायची. सांगावं तर वाढवून मिळेल की नाही कोण जाणे, आणि न सांगावं तर उद्या दवाखान्यात हात वर करतील. दोन्हीकडून मरण माझंच, असं मला तेव्हा वाटत होतं.

वडील पंचायत समितीतून निवृत्त झालेले. कागदाला कसं उत्तर द्यायचं ते आपल्यालाच कळतं असा त्यांचा तोरा. त्यांनी आईला दुपारीच पढवलं, "त्यानं इचारलं तर बरं हाय म्हण. लई बोलायचं न्हाई." आई हूं म्हणाली. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

एजंट आला तो नेमका संध्याकाळच्या बुद्धवंदनेच्या वेळी. आमच्याकडे वंदना चालू असताना कुणी उठत नाही, मग पाहुणा कितीही घाईचा असो. तो बिचारा चप्पल काढून दारापाशी हात जोडून बसला. आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून आई पंचशील म्हणत होती. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिचा आवाज तिथं नेहमीसारखाच होता, पण माझं लक्ष दारापाशी बसलेल्या एजंटकडं गेलं.

ती पदर सारखा करत बाहेर आली. एजंटनं विचारलं, "मावशी, तब्येत कशी आहे?"

"चक्कर येती," आई म्हणाली. वडील खाकरले. ती थांबली नाही. "आन् चढण चढताना छातीवर पाटा ठेवल्यावानी व्हतं. डावा हात भरून येतो. दिवाळीपासनं."

छातीचं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. एजंटनं पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाला, "ताई, विम्याचं नंतर बघू. उद्या यांना पुण्याला न्या." इतकी वर्षं मी विमा जाईल म्हणून घाबरत होते. आता आई जाईल म्हणून घाबरले, आणि त्या भीतीपुढं आधीची भीती पोरखेळ वाटली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. मी रागानंच विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुमी घाबरता," ती म्हणाली. "काल शील घेऊन उठले आन् त्यानं इचारलं. लगेच खोटं कसं बोलू?"

मंचर येईपर्यंत मी सारखं विचारत होते, दुखतंय का. ती दर वेळी खिडकीबाहेर बघत म्हणायची, "न्हाई गं, बरं हाय." मी तिचा डावा हात घट्ट धरून बसले होते. निघायच्या गडबडीत त्या सकाळची वंदना राहून गेली होती; आज तिनं शील घेतलंच नव्हतं.